योनिमुखावरील वाहिनीजन्य गाठी : निदान व वर्गीकरण

योनिमुखावर रक्तवाहिन्या किंवा लसीकावाहिन्यांपासून (लिम्फ हा द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांपासून) होणाऱ्या वाढींचे निदान एका प्रश्नापासून सुरू होते : वाहिनीच्या अस्तरपेशी नव्याने वाढत आहेत, की वाहिनीची घडणच मुळात सदोष आहे? पहिली गाठ अर्बुद (पेशींच्या वाढीची गाठ), दुसरी रचनादोष. हा भेद मलिकेन आणि ग्लोवाकी या संशोधकांनी १९८२ मध्ये मांडला आणि आजचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण त्यावरच उभे आहे. तरीही दिसेल त्या लाल-निळ्या गाठीला ‘हिमँजिओमा’ (रक्तवाहिन्यांचे अर्बुद) म्हणण्याची सवय सुटलेली नाही, आणि त्यातून उपचार चुकतात.

खरा अर्भकीय हिमँजिओमा जन्मानंतर काही आठवड्यांत दिसतो, काही महिने झपाट्याने वाढतो आणि पुढे काही वर्षांत ओसरतो. त्याच्या पेशींत ग्लुट-१ हे प्रथिन आढळते. जन्मतःच पूर्ण वाढलेल्या हिमँजिओमात ते नसते. लघवी, शौच आणि घर्षण यांमुळे या जागी अर्भकीय हिमँजिओमा सहज चिघळतो. असा व्रण लैंगिक अत्याचाराची खूण समजला गेल्याच्या नोंदी आहेत, म्हणून गाठ कधी दिसली आणि कशी वाढली हे आईवडिलांना बारकाईने विचारायलाच हवे. ती कमरेखाली मोठ्या भागावर पसरली असेल, तर पाठीचा कणा, मूत्रमार्ग आणि गुदद्वारही तपासतात.

शिरांचा रचनादोष मात्र आपोआप ओसरत नाही. गाठ मऊ, निळसर असते. बोटाने दाबली की रिकामी होते, उभे राहिल्यावर किंवा कुंथल्यावर पुन्हा भरते. वयात येताना व गरोदरपणी ती वाढू शकते. गरोदरपणात फुगलेल्या शिरा वेगळ्या. त्या बहुधा बाळंतपणानंतर बसतात. डॉप्लर सोनोग्राफीने प्रवाह मंद की वेगवान ते कळते, एमआरआयने खोली. ठोके लागणाऱ्या गाठीचा तुकडा बायोप्सीसाठी या तपासण्यांआधी काढू नये.

प्रौढ स्त्रियांत बारीक, जांभळट-काळे अँजिओकेरॅटोमा (त्वचेतील फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे ठिपके) मेलॅनोमाची, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाची, धास्ती देतात. डर्मोस्कोप या त्वचा तपासण्याच्या भिंगाखाली रक्ताने भरलेल्या पोकळ्या दिसल्या की उलगडा होतो. लसीकावाहिन्यांचे पाणीदार फोड बेडकाच्या अंड्यांच्या पुंजक्यासारखे दिसतात आणि अनेकदा चामखीळ समजून जाळले जातात. ओटीपोटाच्या रेडिएशननंतर किंवा क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या आजारातही ते येतात.

अँजिओसार्कोमा व कापोसी सार्कोमा हे वाहिन्यांचे कर्करोग इथे फार दुर्मीळ. कापोसीत एचएचव्ही-८ विषाणू सापडतो. बार्थोलिन गळूसारखा (योनिद्वाराजवळच्या ग्रंथीच्या गाठीसारखा) भासणारा अ‍ॅग्रेसिव्ह अँजिओमिक्सोमा मात्र या वर्गात येत नाही : त्यात वाहिन्या असल्या तरी तो संयोजी ऊतीतून (अवयवांना आधार देणाऱ्या व जोडणाऱ्या ऊतीतून) वाढतो.