व्यापारी दाव्यांचा वकील (गोवा)

गोव्यात व्यापारी दावे चालवणाऱ्या वकिलाची व्यावसायिक जडणघडण पोर्तुगीज संहिता आणि भारतीय कायदे अशा दोन परंपरांतून झालेली आहे. तिचा आरंभ कोठे मानावा, याविषयी दोन मते संभवतात. ‘रेलासांव’ या उच्च न्यायालयाच्या स्थापनेपासून, म्हणजे सर्वसाधारणपणे 1544 पासून, ती मोजता येते. परंतु 1867 ची नागरी संहिता (गोव्यात 1870 पासून लागू) आणि 1888 ची व्यापारी संहिता यांनंतरच व्यापारी कायदा स्वतंत्र शाखा म्हणून ठळक झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. या व्यापारी संहितेवर विस्तृत भाष्य लिहिणारे लुईश द कुन्य गोंसाल्विश (1875–1956) हे गोमंतकीयच होते.

1961 च्या मुक्तीनंतर संक्रमण टप्प्याटप्प्याने झाले. 1963 मध्ये न्यायिक आयुक्तांचे न्यायालय आले, 1966 मध्ये भारतीय दिवाणी प्रक्रिया संहिता लागू झाली आणि 1982 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाची अधिकारिता गोव्यापर्यंत वाढली.

या काळातील सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न दाव्याच्या मुदतीचा, म्हणजे दावा किती काळात दाखल करावा याचा, होता. कराराच्या पैशांसाठी भारतीय मुदत कायद्यात साधारणतः 3 वर्षे असताना, नागरी संहितेच्या कलम 535 खाली 30 वर्षांपर्यंतचा कालावधी सांगितला जाई. हे कलम ‘स्थानिक कायदा’ म्हणून टिकून आहे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये बार्रेतो प्रकरणात घेतली. 2001 मध्ये सिंडिकेट बँक विरुद्ध प्रभा नाईक या निर्णयात मात्र त्याच न्यायालयाने ती सोडून 1963 चा मुदत कायदाच प्रमाण मानला. उधारी व कर्जवसुलीच्या दाव्यांत मुदत हाच पहिला बचाव असल्याने हा दुसरा निर्णय व्यवसायाच्या दृष्टीने निर्णायक ठरला आणि तोच अधिक सुसंगत आहे.

आज या क्षेत्रात येण्यासाठी 3 किंवा 5 वर्षांची विधी पदवी, महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेची सनद आणि अखिल भारतीय वकील परीक्षा आवश्यक असते. पणजीजवळ मिरामार येथे आणि मडगावात विधी महाविद्यालये आहेत. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालील उमेदवारी रूढ आहे.

2015 च्या व्यापारी न्यायालय कायद्याखाली दाव्याची किमान रक्कम आरंभी 1 कोटी रुपये होती. 2018 मध्ये ती 3 लाखांवर आली. तातडीच्या अंतरिम मागणीखेरीज दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे आणि प्रतिवादीची कैफियत (लेखी उत्तर) 120 दिवसांनंतर स्वीकारली जात नाही. खाणपट्टे, मुरगाव बंदरातील जहाजभाडे आणि बांधकामाचे करार यांतून येथील वाद उद्भवतात. ऋणकोच्या मालमत्तेवर जप्ती आणताना वकिलाला नागरी संहितेतील वैवाहिक समाईक मालकीमुळे येणारा जोडीदाराचा अर्धा हिस्सा ध्यानात घ्यावा लागतो. कंपन्यांच्या नादारीची (दिवाळखोरीची) प्रकरणे मात्र राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे चालतात.