ऑइल प्रेशरचा काटा खोटा कसा झाला

सुरुवातीच्या अनेक मोटारींना ऑइल प्रेशर गेज नव्हता, कारण दाखवायला दाबच नव्हता. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीमध्ये ऑइल पंप नाही. फिरणारे भाग तेल उडवतात आणि त्यावर बेअरिंग भिजतात. पंपाने दाबाखाली तेल पोचवणारी इंजिनं रुळली, तसा गेज डॅशबोर्डवर आला. त्याच्या पोटातली वाकडी, चपटी नळी त्याहून जुनी: युजीन बूर्दों या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. दाब वाढला की नळी सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. विजेचा संबंध नाही, त्यामुळे वायरिंगचा दोष वाचनात शिरत नाही. मात्र इंजिनाचं गरम तेल बारीक नळीतून थेट चालकापुढे येतं, आणि कंपनांनी तांब्याची नळी तडकली तर ते गाडीच्या आत सांडतं.

पुढे विजेवरचे गेज आले. इंजिनावर सेंडर, म्हणजे दाब टिपून विजेचा संकेत पाठवणारा भाग, बसतो; त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) दाबानुसार बदलतो आणि डॅशबोर्डवर फक्त वायर जाते. काही सेंडरचा रोध दाबाबरोबर १० वरून १८० ओहमपर्यंत चढतो, तर काहींचा २४० वरून ३३ पर्यंत उतरतो. गेज एका जातीचा आणि सेंडर दुसऱ्या जातीचा बसवला, तर काटा हलतो पण आकडा खोटा असतो.

मग स्वस्त उपाय म्हणून नुसता दिवा आला. १९३०च्या दशकात हडसनच्या गाड्यांत तो होता. काही दशकांत तो सर्रास झाला. दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचं एकक) खाली गेला की त्याचा स्विच दिवा लावतो. गरम इंजिन वेगाने फिरत असताना सहसा ३-४ बार दाब हवा. तो दीड बारवर घसरला तरी दिवा लागत नाही, आणि लागतो तेव्हा बेअरिंगवरचा तेलाचा थर तुटायला आलेला असतो.

याहून वाईट गोष्ट पुढे झाली. काही कंपन्यांनी गेज ठेवला आणि त्यामागे सेंडरऐवजी साधा स्विच लावला. दाब थोडासा असला तरी काटा मध्यावर जाऊन थांबतो. फोर्डच्या अनेक गाड्यांत हे झालं. माझदा मियाटात सुरुवातीला खरा गेज होता, १९९५ च्या सुमारास तो असाच झाला. गरम इंजिन आयडलला आलं, म्हणजे गाडी उभी असताना नुसतं सुरू राहिलं, की खरा काटा खाली येतो. ते स्वाभाविक असतं, पण ते पाहून मालक घाबरतात, असं कारण दिलं जातं. मला ते पटत नाही. आयडलचा तोच आकडा महिन्यामहिन्याने खाली येऊ लागला, तर ती बेअरिंगच्या झिजेची लवकर मिळणारी खूण असते.

१९५४ मध्ये संशोधक सी. एस. स्मिथ यांनी सिलिकॉन आणि जर्मेनियममध्ये ताणामुळे होणारा रोधातला मोठा बदल मांडला. त्या शोधातून छोटे, अचूक दाब-सेन्सर निघाले. आज जुन्या गाडीत बसवतात त्यांतले बरेच तीन वायरींचे असतात: ५ व्होल्ट पुरवठा, ०.५ ते ४.५ व्होल्ट संकेत.

असा सेंडर किंवा सेन्सर बसवताना अडचण येते ती आट्यांची. ब्रिटिश पाइप आटे, अमेरिकन पाइप आटे आणि दहा मिलिमीटरचे मेट्रिक आटे दिसायला जवळचे असतात, पण एकमेकांत नीट बसत नाहीत. जबरदस्ती केली तर इंजिन ब्लॉकचेच आटे जातात. जड सेंडर थेट टी-जोडावर (एका छिद्रातून दोन तोंडं काढणारा जोड) टांगला तर कंपनांनी जोड मोडू शकतो, म्हणून तो बॉडीवर घट्ट बसवून लवचिक होजने जोडावा. एकाच वायरीच्या सेंडरला मग वेगळी अर्थिंग द्यावी लागते, कारण त्याचं सर्किट त्याच्या धातूच्या अंगातूनच पुरं होतं. टी-जोडाच्या दुसऱ्या तोंडाला मूळ दिव्याचा स्विच ठेवावाच.