दोघांची मे महिन्यातली युरोपवारी: बडोद्याहून शेंगेन व्हिसाचा अर्ज कसा करावा

पॅरिसला उतरायचं, तिथून रेल्वेने स्वित्झर्लंड, मग व्हेनिस, फ्लॉरेन्स करत रोमहून परत. उन्हाळ्यात युरोपला निघालेल्या बहुतेक जोडप्यांचा बेत थोड्याफार फरकाने असाच असतो. देश तीन, पण व्हिसा एकच लागतो, शेंगेनचा, म्हणजे आपसांतल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा. दांडिया बाजारातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर गेल्या काही वर्षांत भावा-वहिनीची, मावसभावाची, शेजारच्या नव्या जोडप्याची अशा बऱ्याच फायली लागल्या. त्यातून मला एक पक्कं कळलं आहे. निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर तुम्ही नसता, तुमचे कागद असतात. त्या कागदांतल्या रात्री, नावं आणि पैसे एकमेकांशी जुळले की निम्मं काम झालं.

आधी व्याप्ती समजून घ्या. शेंगेनमध्ये सध्या २९ देश आहेत. १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया आणि रोमानियाही पूर्णपणे आत आले. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाहीत, तरी शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड युनियनमध्ये आहे, पण शेंगेनमध्ये नाही. लंडनला जायचं असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. पर्यटकांना मिळतो तो ‘सी’ प्रकारचा, कमी मुदतीचा व्हिसा. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. पोहोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस त्यात धरतात.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ‘ज्याची अपॉइंटमेंट लवकर मिळेल त्या देशाचा व्हिसा काढा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. नियम साधा आहे: ज्या देशात तुमचा मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखाच असेल आणि मुख्य देश ठरवता येत नसेल, तर ज्या देशाच्या हद्दीतून तुम्ही पहिल्यांदा शेंगेनमध्ये शिरता त्या देशाकडे.

उदाहरण घेऊ. १० मे रोजी पॅरिस, चार रात्री. १४ तारखेला ल्यूसर्न, चार रात्री. १८ला व्हेनिस दोन रात्री, २०ला फ्लॉरेन्स दोन, २२ला रोम दोन, आणि २४ मे रोजी रोमहून परतीचं विमान. फ्रान्स चार, स्वित्झर्लंड चार, इटली सहा. अर्ज इटलीकडे. पॅरिसला आधी उतरता म्हणून फ्रान्सचा, हे इथे चुकीचं ठरतं. याच बेतात फ्लॉरेन्स गाळून त्या दोन रात्री ल्यूसर्नला दिल्या, तर हाच अर्ज स्वित्झर्लंडचा होतो. म्हणून आधी बेत कागदावर पक्का करा, रात्री मोजा, आणि मगच कुठल्याही वेबसाइटवर खातं उघडा. दोन देशांच्या रात्री अगदी सारख्या येत असतील तर मी सरळ एक रात्र इकडची तिकडे करून घेते, म्हणजे वादच उरत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. अहमदाबादहून दुबई किंवा दोहामार्गे पॅरिसला गेलात तर शेंगेनमधला पहिला प्रवेश पॅरिसला होतो. पण फ्रँकफर्टला विमान बदलून व्हेनिसला गेलात, तर पासपोर्टची तपासणी फ्रँकफर्टलाच होते आणि पहिला प्रवेश जर्मनीत धरला जातो.

बेतात मध्येच लंडन असेल, म्हणजे पॅरिसहून लंडन आणि तिथून पुन्हा रोम, तर शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत येणं झालं. अशा वेळी फॉर्ममध्ये एकच प्रवेश मागितला तर परत आत शिरता येणार नाही. ‘मल्टिपल एंट्री’वर खूण करा, आणि अर्जासोबतच्या पत्रात कारण लिहा.

वेळ, जागा आणि फी

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. १० मेचा प्रवास असेल तर १० नोव्हेंबरला दार उघडतं आणि २५ एप्रिलला बंद होतं. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण गरज वाटल्यास ते ४५ दिवसांपर्यंत घेऊ शकतात. गुजरातेत शाळांची सुट्टी मेच्या सुरुवातीला लागते, त्यामुळे मार्च-एप्रिलच्या अपॉइंटमेंटवर सगळ्यांची झुंबड उडते. माझा आग्रह फेब्रुवारीचा असतो.

बहुतेक देशांनी अर्ज स्वीकारायचं काम व्हीएफएस ग्लोबल या खासगी कंपनीकडे दिलं आहे, स्पेनचं बीएलएस या दुसऱ्या कंपनीकडे. बडोदेकरांना अहमदाबादचं केंद्र जवळ, एक्सप्रेस हायवेने सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. मात्र केंद्रातली मंडळी फक्त कागद तपासून घेतात आणि पुढे पाठवतात. निर्णय वकिलातीचा असतो. त्यामुळे ‘प्रीमियम लाउंज’चे जादा पैसे भरून बसायला चांगली जागा मिळते, व्हिसा मिळण्याची शक्यता वाढत नाही.

अर्ज प्रत्येकाचा वेगळा. नवरा-बायको असले तरी दोन फॉर्म, दोन सह्या, दोन अपॉइंटमेंट. दोघांनाही स्वतः जावं लागतं, कारण दहाही बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. हे ठसे ५९ महिने ग्राह्य धरतात, त्यामुळे आधी शेंगेनला जाऊन आलेल्यांना पुन्हा द्यावे लागतीलच असं नाही. व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो आहे, जून २०२४ पासून. ती रुपयांत घेतात, वर केंद्राचा सेवाखर्च. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही.

पासपोर्ट आणि दोघांची नावं

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, युरोपातून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू असावा, आणि त्यात दोन पानं कोरी असावीत. जुने पासपोर्ट असतील तर तेही जोडा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, फिकट पार्श्वभूमीवर, सहा महिन्यांच्या आतला. आधारसाठी काढलेला फोटो चालवू नका.

नावांचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे लग्नानंतर फक्त आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं. वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं. माझ्या वहिनीचा पासपोर्ट लग्नाआधीचा. त्यावर तिचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. बँकेचं खातं लग्नानंतर उघडलेलं, त्यावर भावाचं नाव आणि आमचं आडनाव. पॅन पुन्हा माहेरच्या नावावर. टेबलावर तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा ते तीन वेगळ्या बायकांचे वाटत होते. तिला ओळखणारे आपण, इथे कागद बघणाऱ्याला ती माहीत नाही.

यासाठी पासपोर्ट लगेच बदलायलाच हवा असं नाही. लग्नानंतर नाव बदलणं कायद्याने सक्तीचं नाही, आणि प्रवास तोंडावर असताना पासपोर्ट पुन्हा काढायला देणं जोखमीचं आहे. पोलीस पडताळणीत वेळ जाऊ शकतो. आम्ही माहेरच्या नावाचाच पासपोर्ट ठेवला. फॉर्ममधलं नाव, विमानाचं तिकीट, विमा, हॉटेल, सगळं पासपोर्टप्रमाणे अक्षरन्‌अक्षर केलं. बँकेचं स्टेटमेंट वेगळ्या नावाचं होतं, म्हणून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडलं आणि पत्रात दोन ओळींत खुलासा केला. उलट परिस्थिती असेल, म्हणजे पासपोर्ट सासरच्या नावाचा, तर फॉर्मचा दुसरा रकाना नीट वाचा. तिथे जन्मावेळचं आडनाव विचारतात. तिथे माहेरचं आडनाव लिहायचं. बऱ्याच जणी तो रकाना रिकामा सोडतात.

विवाह प्रमाणपत्र गुजरातीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्या. लग्नाची नोंदच केली नसेल, आणि बडोद्यातल्या जुन्या जोडप्यांत असे पुष्कळ आहेत, तर व्हिसाच्या गडबडीत न शिरता महानगरपालिकेतलं हे काम आधी उरका.

पैसे

अधिकाऱ्याला तीन गोष्टी पाहायच्या असतात: फिरायला खरंच चालला आहात का, खर्च झेपेल का, आणि परत याल का. पैशाचे कागद शेवटच्या दोन्हींचं उत्तर देतात.

नोकरदारांनी तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि कार्यालयाचं पत्र द्यावं. पत्रात हुद्दा, किती वर्षं नोकरीत, आणि कुठल्या तारखांची रजा मंजूर झाली आहे, हे स्पष्ट हवं. दुकान किंवा धंदा असेल तर गुमास्ता लायसन्स, जीएसटी नोंदणी आणि धंद्याच्या खात्याचं स्टेटमेंट. निवृत्त असाल तर पेन्शनचा कागद. सगळ्यांनाच आयकराची विवरणपत्रं आणि बँकेचं तीन महिन्यांचं, काही देशांना सहा महिन्यांचं स्टेटमेंट लागतं. त्यावर शाखेचा शिक्का आणि सही घ्या.

खात्यात आदल्या आठवड्यात भावाकडून आणून टाकलेले पाच लाख नजरेत भरतात. तसं करू नका. एफडी मोडली असेल तर एफडीची पावती आणि मोडल्याचा कागद दोन्ही जोडा, म्हणजे रक्कम कुठून आली ते दिसतं. काही देशांनी रोजच्या खर्चाचा आकडाच ठरवला आहे. स्वित्झर्लंड माणशी दिवसाला १०० फ्रँक धरतं. ज्या देशाकडे अर्ज करणार त्याचा आकडा त्याच्या वेबसाइटवर पाहून, दोघांचे दिवस गुणून, स्टेटमेंटशी ताडून बघा.

बायको घर सांभाळत असेल तर तिच्या फॉर्मवर खर्च पती करणार असं लिहायचं, आणि तिच्या फायलीतही पतीचं पत्र, त्याचं स्टेटमेंट, त्याचं विवरणपत्र यांच्या प्रती लावायच्या. ‘त्याच्या फायलीत आहेतच की’ हे चालत नाही. दोन्ही फायली वेगवेगळ्या वाचल्या जातात. तिच्या नावाचं काही असेल, एफडी, पोस्टातली बचत, घरात हिस्सा, तर तेही आवर्जून लावा. ती केवळ सोबत चालली आहे असं फाईल वाचताना वाटू नये.

विमा, बुकिंग आणि बेताचा कागद

प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, तातडीचे उपचार आणि भारतात परत आणण्याचा खर्च धरून, आणि पूर्ण मुक्कामाचा. आमच्या पहिल्या वेळी एजंटने १४ रात्री म्हणून १४ दिवसांची पॉलिसी करून दिली. प्रवास १५ दिवसांचा होता. काउंटरवरच्या मुलीने शेवटच्या तारखेवर पेन्सिल टेकवली आणि फाईल तशीच आमच्याकडे सरकवली. तिथेच बाकावर बसून मोबाईलवरून पॉलिसी एक दिवस वाढवली, खाली जाऊन प्रिंट आणली आणि मगच फाईल आत गेली. तेव्हापासून मी विम्याचे दिवस बोटांवर मोजते.

विमानाचं पैसे भरलेलं तिकीट काढायची घाई करू नका. व्हिसा हातात येईपर्यंत रिझर्वेशन पुरतं, आणि हॉटेलं रद्द करता येतील अशी घ्या. पण दोघांचीही नावं हॉटेलच्या बुकिंगवर असू द्या. बुकिंग करणाऱ्याचंच नाव छापून येतं आणि दुसरा माणूस त्या रात्री कुठे राहणार हे कळत नाही.

सोबत एक पत्र आणि दिवसवार तक्ता हवा. पत्र एका पानाचं पुरे. तक्त्यात तारीख, गाव, हॉटेल आणि पुढच्या गावाला कसं जाणार, एवढं लिहा. वरच्या उदाहरणात १४ मेच्या ओळीत येईल: पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने बाझेल, तिथून ल्यूसर्न. १८ मेच्या ओळीत: ल्यूसर्नहून मिलान आणि मिलानहून व्हेनिस. एकही रात्र हॉटेलशिवाय नको, एकही तारीख दोनदा नको.

टूर कंपनीचं पॅकेज घेतलंत तर कंपनी टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच कापला जाणारा आगाऊ आयकर, घेते. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, म्हणून पॅन बरोबर दिलाय ना ते पाहा.

नाकारला तर, मिळाला तर

नाकारला तर कारणांवर खूण केलेला छापील कागद मिळतो. त्या देशाच्या कायद्याप्रमाणे अपील करता येतं, किंवा उणीव भरून नव्याने अर्ज करता येतो. तीच फाईल दुसऱ्या देशाकडे नेऊन नशीब आजमावू नका. व्हिसाची माहिती साठवणाऱ्या सामायिक यंत्रणेत नोंद पाच वर्षं राहते आणि ती सगळ्या शेंगेन देशांना दिसते. एकाला मिळाला आणि एकाला नाही, असंही होतं. तेव्हा रडारड न करता त्या एकट्याची फाईल काढा आणि खूण केलेलं कारण वाचा.

एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी एक चांगली सोय झाली आहे. आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसा नियमाप्रमाणे वापरले असतील तर दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. म्हणून पहिल्या प्रवासाचे बोर्डिंग पास, आणि पासपोर्टवर शिक्के मारले असतील तर ती पानं, जपून ठेवा.

पासपोर्ट परत आला की स्टिकर तिथल्या तिथे वाचा. नाव, पासपोर्टचा नंबर, मग कधीपासून कधीपर्यंत, किती प्रवेश आणि किती दिवस. मुदत १० मे ते ८ जून छापलेली असते आणि खाली दिवस १५ असतात. ही चूक नसते. मुदतीच्या आत कधीही जा, पण राहायचं १५च दिवस. मुदतीची शेवटची तारीख पाहून मुक्काम वाढवणाऱ्यांना पुढच्या वेळी त्रास होतो.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी ठसे आणि चेहरा नोंदवणारी नवी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पहिल्यांदा जाताना त्यात जरा वेळ जातो, तेव्हा पॅरिसला उतरल्यावर लगेचची गाडी पकडायचा बेत ठेवू नका. सीमेवरचा अधिकारी हॉटेल, विमा आणि परतीचं तिकीट मागू शकतो. त्यांच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवा, आणि दोघांच्या दोन वेगळ्या पाकिटांत, कारण दोघांना एकाच खिडकीवर बोलावतील असं नाही.