जुनं दोन टबांचं वॉशिंग मशीन: नाशिकमधल्या दुरुस्तीची आणि जतनाची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये जपून ठेवण्यासारखी म्हणून जी जुनी वॉशिंग मशीनं सध्या बाहेर निघतात, ती बहुतेक एकाच दशकातली असतात, साधारण १९८७ ते १९९७ मधली. पत्र्याचं अंग, शेजारी शेजारी दोन टब, वर गोल नॉब. गच्चीवर टाकीच्या आडोशाला किंवा जिन्याखाली पडलेली. त्याआधीची रोलरची मशीनं क्वचित दिसतात आणि नंतरची प्लॅस्टिकची कोणी ठेवत नाही. त्यामुळे या टिपणाचा भर त्या दहा वर्षांवर आणि त्यानंतर जे झालं त्यावर आहे.

दूरचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. विजेवरचं धुण्याचं यंत्र अमेरिकेत १९०८ च्या सुमारास विक्रीला आलं आणि पूर्ण स्वयंचलित मशीन तिथंच १९३७ मध्ये. आपल्याकडच्या दोन टबांच्या मशीनचं घराणं मात्र वेगळं आहे. वेल्समधल्या मर्थर टिडफिल इथल्या कारखान्यात १९४८ मध्ये एक छोटं मशीन बनू लागलं. त्याच्या टबाच्या बाजूच्या भिंतीत फिरती चकती होती आणि कपडे पिळायला वर हातानं फिरवायचे रोलर. १९५३ मध्ये जपानी बाजारात त्याच धर्तीचं मशीन आलं. पुढं चकती भिंतीतून तळाला गेली, रोलर जाऊन त्यांच्या जागी पिळण्याचा वेगळा टब आला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात औरंगाबादजवळच्या कारखान्यातून जपानी तंत्रसहकार्यानं जी मशीनं निघाली, ती या शाखेतली. त्याच काळात पाँडिचेरीत अमेरिकी सहकार्यानं आणि पुढं गोव्यात जर्मन सहकार्यानं मशीनं बनू लागली. गोव्याची समोरून दार उघडणारी मशीनं नाशिकमध्येही आली, पण ती मोजक्या घरांत.

नाशिकला औरंगाबाद जवळ आणि गिऱ्हाईकही तयार. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती, ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडचे छापखाने इथं महिन्याच्या महिन्याला पगार होत होता. १९८२ मध्ये महापालिका झाली, सिडकोतली घरं भरत गेली. दोघं नोकरीला जाणाऱ्या घरांत दूरदर्शन संचानंतर फ्रिज आणि फ्रिजनंतर मशीन असा क्रम ठरल्यासारखा होता. वेगळं न्हाणीघर असलेल्या जुन्या नाशकातल्या वाड्यांत मशीन ठेवायला जागा होती, पण पाणी सोडायला उतार नव्हता. सिडकोच्या घरांत नेमकं उलट. तिथं मशीन मागच्या धुण्याच्या जागेत, अर्धं पावसात.

सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे हेच दोन टबांचं मशीन, इथं इतकं टिकलं ते स्वस्त होतं म्हणून, हे अर्धंच खरं. नळाला पाणी ठरावीक वेळी यायचं आणि गच्चीवरच्या टाकीचा दाब वरच्या मजल्यावर फारसा मिळायचा नाही. पूर्ण स्वयंचलित मशीन अशा घरात पाण्याची वाट पाहत उभं राहायचं. दोन टबांच्या मशीनला बादलीनं पाणी घातलं तरी चालतं. त्याच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे कपडे, मग रंगीत, मग पायपुसणी निघतात. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ते आणखी उपयोगी पडलं. वीज आली की कुठून पुढं जायचं हे माणूसच ठरवत होता, मशीनला काही लक्षात ठेवावं लागत नव्हतं. फक्त टायमर चावीचा, म्हणजे स्प्रिंगवर चालणारा. त्याला विजेशी देणंघेणं नाही. वीज गेलेली असली तरी तो टिकटिक करत शून्यावर यायचा, आणि वीज आल्यावर मशीन का चालू होत नाही म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं जायचं.

ही मशीनं मरतात ती वरून नाही, खालून. तळाचा पत्रा ओल्या फरशीवर गंजतो. तळ उघडा असला की उंदीर आत शिरतात आणि वायरी कुरतडतात. पुढच्या काळात जाहिरातींत उंदीर-जाळीचा उल्लेख यायचा तो उगाच नव्हे. तिसरं कारण चकतीच्या दांड्याचं ऑइल सील. रबर कडक झालं की पाणी दांड्यावरून थेंब थेंब बुशात (दांडा ज्यात फिरतो त्या कडीत) उतरतं, बुश गंजून आवाज करू लागतं, आणि पाणी पुढं वाट काढत मोटरपर्यंत पोचतं. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्या घरांत सीलच्या कडेला क्षार जमून हे लवकर होतं. सील, बेलोज (घड्यांचं रबर), पट्टा, ड्रायरखालचे, म्हणजे पिळण्याच्या टबाखालचे, रबरी दट्टे हे सगळं बदलायचंच, त्यात कोणाचा वाद नाही. तीस वर्षांचं रबर जपणं म्हणजे गळती जपणं.

वाद आहे तो मोटरवर.

मशीनमध्ये दोन मोटरी असतात, धुण्याची आणि ड्रायरची. जुन्या मशीनमधली जळकी मोटर पुन्हा वाइंड करायची, म्हणजे तिच्यातली तार काढून नवी गुंडाळायची, की बाजारातली नवी बसवून मूळची बाजूला काढून ठेवायची, यावर नाशिकमधल्या हौशी लोकांत आणि कारागिरांत सरळ दोन तट आहेत. नवी मोटर बसवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं संग्रहालयाच्या शिस्तीला धरून आहे. जे कराल ते पुढं उलटवता आलं पाहिजे. मूळ मोटर जळकी का होईना, डब्यात जशीच्या तशी राहते. कारखान्यात घातलेली तार, बांधलेला दोरा, वार्निशचा रंग सगळं शाबूत. रिवाइंडिंग केलं की ते एकदा कापून भंगारात गेलं. तांब्याच्या किलोच्या भावानं.

हे ऐकायला बिनतोड वाटतं. प्रत्यक्षात नवी मोटर बसवताना पाया वेगळा, दांड्याची जाडी वेगळी, पुलीची उंची वेगळी. मग मूळ पत्र्याला नवी भोकं पडतात, पुली कापली जाते, पट्टा दुसऱ्या मापाचा लागतो. मोटर उलटवता येते, भोकं येत नाहीत. शिवाय बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मोटरींत बऱ्याचदा ॲल्युमिनियमची तार असते. ॲल्युमिनियमची वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, म्हणजे तेवढाच प्रवाह न्यायला तार काटछेदात दीडपटीहून मोठी लागते. चांगल्या बनावटीत ती तशी घेतलेली असते आणि मोटर ठीक चालते. पण सांधे नीट नसले तर ॲल्युमिनियम तिथं गरम होतं, आणि दमट न्हाणीघर ही सांध्यांची परीक्षाच. मशीन कपाटात ठेवायचं असेल तर नवी मोटर घालायची गरजच काय? आणि चालवायचं असेल तर तांब्याची रिवाइंड केलेली मूळ मोटर अधिक प्रामाणिक, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे आणि ते इथं लपवत नाही.

नाशिकमध्ये हा पर्याय उपलब्ध असण्यामागं द्राक्षं आहेत. निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या बागांना पाणी देणाऱ्या विहिरींवरच्या आणि बोअरमधल्या मोटरी जळतात, म्हणून तालुक्याच्या प्रत्येक गावात आणि शहराच्या कडेकडेनं वाइंडिंगची दुकानं उभी राहिली. कारागीर तयार, तार तयार, भट्टी तयार. उन्हाळ्याच्या तोंडावर मात्र या दुकानांत वॉशिंग मशीनची मोटर घेऊन जाऊ नये. शेतकऱ्याचं पीक उभं असतं, तुमच्या मोटरीला कोपऱ्यात जागा मिळते. पावसाळा सुरू झाला की जा.

गोम अशी की पंपाची सवय असलेला हात इथं फसतो. पंपाच्या एक-फेज मोटरीत चालण्याचं आणि सुरू होण्याचं अशी दोन वेगळी वाइंडिंगं असतात, दुसरं बारीक तारेचं. धुण्याची मोटर दोन्ही बाजूंना फिरते. टायमर कंडेन्सर (मोटर फिरवायला लागणारा छोटा विद्युत भाग) कधी एका वाइंडिंगला जोडतो, कधी दुसऱ्याला, आणि चकती उलटसुलट फिरते. म्हणून तिची दोन्ही वाइंडिंगं सारखीच हवीत, तारेची जाडी आणि वेढे दोन्ही. कारागिरानं पंपासारखं एक जाड, एक बारीक भरलं, तर मशीन चालतं, पण एका दिशेला जोरात आणि दुसऱ्या दिशेला कुंथत. महिनाभरात बारीक वाइंडिंग पुन्हा जळतं. ड्रायरची मोटर एकाच दिशेनं फिरते, तिथं हा प्रश्न नाही. रिवाइंडिंगला विरोध करणारे जी फसलेली उदाहरणं देतात, त्यांतली पुष्कळशी ही असतात. म्हणजे दोष रिवाइंडिंगचा नाही, न मोजता केलेल्या रिवाइंडिंगचा.

दुसरी चूक जुनी तार काढताना होते. वेळ वाचवायला स्टेटर (मोटरचा न फिरणारा, तार भरलेला भाग) ज्योतीवर जाळतात, वार्निश जळून तार सुटी होते. त्या उष्णतेनं लोखंडी पट्ट्यांमधला इन्सुलेशनचा थरही जातो, आणि मग मोटर कायमची गरम चालते. टोकं कापून तार ओढून काढायला वेळ लागतो, मजुरी जास्त पडते. जतनाच्या कामात ती द्यावी. आणि वाइंडिंगमध्ये बांधलेला, मोटर तापली की वीज तोडणारा छोटा कटआउट परत बसवायला सांगावं, नाहीतर तो हमखास ‘लागत नाही’ म्हणून टाकून दिला जातो. शेवटी ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) अंगाशी विजेची गळती तपासायची. जुन्या मशीनला तीन पिनांचा प्लग आणि खरोखरची अर्थिंग नसेल, तर बाकी सगळं जतन व्यर्थ आहे. हे यंत्र पाण्यात हात घालून वापरायचं असतं.

रंगाचा वाद याच्या तुलनेत किरकोळ, तरी फोटोंमुळे तोच जास्त गाजतो. अंबड-सातपूरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांमुळे पावडर कोटिंगची दुकानं भरपूर आहेत, आणि सगळ्यांना तो मोह होतो. पावडर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजतात, त्यामुळे पत्रा पूर्ण मोकळा करावा लागतो आणि जुना कारखान्याचा रंग, छापील अक्षरं, मॉडेलचं नाव सगळं जातं. पत्रा आरपार गेला नसेल तर फक्त गंजलेल्या भागावर फॉस्फरिक आम्लाचं गंज-रोधक द्रावण, मग झिंकचं प्रायमर, आणि तळाला आतून रंग, एवढं पुरतं. पुढच्या बाजूचे ओरखडे राहू द्यावेत. पिवळं पडलेलं नॉबचं आणि झाकणाचं प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडनं उजळतं, पण ते परत पिवळं होतं आणि प्रत्येक वेळी पृष्ठभाग थोडा नाजूक होतो.

खरं म्हणजे आज काय जपता येतं हे गेल्या तीसेक वर्षांतल्या घडामोडींनी ठरवलंय. १९९५ आणि १९९७ मध्ये कोरियन कंपन्या आल्या, पत्र्याच्या जागी प्लॅस्टिकचं अंग रुळलं, आणि दुकानदार ‘जुनं द्या, नवं न्या’ म्हणू लागले. बदल्यात घेतलेली मशीनं भंगारात गेली. नाशिकमध्ये ती जायची ती मुख्यतः अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगार बाजारात. जुना टायमर, ब्रेकची तार, एखाद्या मॉडेलचं झाकण हवं असलं की तिथं हिंडायचं.

हा बाजार महापालिकेनं जानेवारी २०१७ मध्ये मोठ्या पोलीस बंदोबस्तात हटवला. बांधकामं बेकायदा होती, शेजारच्या वस्त्यांची धूर आणि गैरप्रकारांची तक्रार जुनी होती, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेलं होतं. व्यापाऱ्यांचं म्हणणं होतं की पर्यायी जागा न देता पोट मारलं. बाजार पुन्हा हळूहळू उभा राहिला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा हटवला गेला. रहिवाशांची बाजू चुकीची म्हणता येणार नाही. पण दुरुस्ती करणाऱ्यांच्या बाजूनं बघितलं तर शहरातलं सुट्या भागांचं एकमेव मोठं कोठार दोनदा विखुरलं, आणि विखुरताना माल पुढच्या गिऱ्हाइकाकडं नाही, वितळवायला गेला. दरम्यान औरंगाबादची ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अधिकृत सुटे भाग त्याआधीच आटले होते.

कायदाही याच काळात आला. ई-कचऱ्याचे २०११ चे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले आणि त्यांच्या यादीत वॉशिंग मशीन पहिल्यापासून आहे. २०१६ मध्ये उत्पादकांवरची जबाबदारी वाढली. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत वस्तू पुन्हा वापरात आणणाऱ्या व्यावसायिकांना नोंदणी करायची सोय आणि सक्ती दोन्ही आली. घरचं मशीन घरी दुरुस्त करणाऱ्याला याचा त्रास नाही. पण जो चार मशीनं आणून त्यांतून एक उभं करतो, तो हौशी की व्यावसायिक, हे नियमांतून सरळ कळत नाही. कागदोपत्री सगळं नियमानं झालं तर जुनं मशीन अधिकृत पुनर्चक्रण केंद्रात जातं आणि तिथं त्याचे तुकडे होतात. जतन करणाऱ्याच्या हाती ते लागायचं असेल, तर त्याआधीच, मूळ मालकाच्या घरातून.

म्हणून सध्या शोध घराघरांतच चालतो. वडिलांच्या पहिल्या पगारवाढीचं, आत्याच्या रुखवतातलं अशी मशीनं बहुधा पैसे न घेताच दिली जातात, फक्त ‘मोडू नका’ एवढी अट घालून. घेताना मागच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला वायरिंगचा नकाशा शाबूत आहे का ते आधी बघावं. वायरींचे रंग मॉडेलगणिक वेगळे आहेत, आणि त्या कागदाशिवाय टायमरच्या तारा पुन्हा जोडणं जिकिरीचं होतं. नकाशा असेल तर धुण्याआधी त्याचा फोटो काढावा, आणि रिवाइंड केलेल्या मोटरीचे वेढे, तारेचा गेज, कंडेन्सरचं माप त्याच पत्र्याच्या आत लिहून ठेवावं.