ट्रॅक्टर नवा, अवजार जुनं आणि पिन काही बसेना: या मापांमागची गोष्ट

जुनं अवजार ट्रॅक्टरला जोडायला घेतलं की काय होतं ते सगळ्यांना माहितीये. ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या दांडीचा, म्हणजे लोअर लिंकचा, बॉल (टोकाचा भोक असलेला गोळा) अवजाराच्या पिनवर खुळखुळतो नाहीतर चढतच नाही, वरची दांडी, म्हणजे टॉप लिंक, दोन इंच अलीकडे राहते आणि कोणीतरी हातोडा आणायला गेलेलं असतं. मग शिव्या बसतात त्या अवजार बनवणाऱ्याला. बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याची काही चूक नसते, ते अवजार बनलं तेव्हा दुसरंच माप चालायचं किंवा ठरलेलं मापच नव्हतं.

सुरुवातीला अशी काही जोडणीच नव्हती. घोडे ओढायचे ती अवजारं घ्यायची, त्यांची पुढची लांब दांडी कापून छोटी करायची आणि ट्रॅक्टरच्या मागे ड्रॉबारला (ओढायच्या पट्टीला) एका पिनने अडकवायची, झालं. सगळं काम ओढण्याचं, त्यामुळे पिन अर्धा इंच सैल असली तरी कोणाला फरक पडत नव्हता. १९१७ ला फोर्डसन आला, हलका, कारखान्यात भराभर बनणारा ट्रॅक्टर, आणि त्याच्याबरोबर एक भयानक प्रकारही आला. मागचा नांगर दगडात किंवा मुळात अडकला की नांगर थांबायचा, मागची चाकं जाग्यावर थांबायची, पण इंजिन काही थांबायचं नाही, मग ट्रॅक्टरच मागच्या अ‍ॅक्सलभोवती फिरून तोंड वर करून उलटा व्हायचा, चालवणाऱ्याच्या अंगावर. माणसं मेली यात.

त्याच वर्षी आयर्लंडमधल्या हॅरी फर्ग्युसन नावाच्या मेकॅनिकला तिथल्या कृषी मंडळाने ट्रॅक्टरचा वापर सुधारायच्या कामावर घेतलं होतं. (हाच तो माणूस ज्याने ३१ डिसेंबर १९०९ ला स्वतः बनवलेलं विमान उडवलं होतं, आयर्लंडमधलं पहिलं उड्डाण, म्हणजे डोकं आधीपासूनच चालत होतं.) त्याला कळलं की नांगर ट्रॅक्टरच्या मागे ओढत न्यायची वस्तू नाहीये, तो ट्रॅक्टरचाच एक अवयव व्हायला पाहिजे. आधी वर-खाली दोन लिंकची जोडणी, मग त्यात हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने उचलायची सोय), असं करत करत १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पेटंटचं काम झालं आणि पुढे ते आजच्या तीन टोकांच्या रचनेवर आलं, खाली दोन लिंक, वर एक.

यातली खरी करामत टॉप लिंकची आहे आणि हे समजलं तर पुढचा सगळा मापांचा गोंधळ समजतो. फाळ जमिनीत असतो, जमिनीचा विरोध खाली लागतो, म्हणून नांगर पुढच्या बाजूला कलंडायला बघतो आणि टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे ढकलते. म्हणजे उलटायच्या ऐवजी ट्रॅक्टरचं तोंड जमिनीकडे दाबलं जातं. शिवाय फर्ग्युसनने तोच धक्का वापरून हायड्रॉलिकचा व्हॉल्व्ह हलवला. जमीन कडक लागली, धक्का वाढला, नांगर थोडा उचलला गेला, जमीन मऊ आली की परत खाली. आपण ज्याला ड्राफ्ट कंट्रोल म्हणतो ते हेच. आता हे सगळं चालायचं असेल तर तीन टोकांमधलं अंतर आणि टॉप लिंकची उंची ठरलेलीच पाहिजे, उगाच कुठेही भोक पाडून जमत नाही. म्हणून फर्ग्युसन ट्रॅक्टरसोबत अवजारंही स्वतःचीच विकायचा. ट्रॅक्टर, अवजार, जोडणी सगळा एकच संच. दुसऱ्याच्या मापाशी जुळवायचा प्रश्नच त्याने ठेवला नव्हता.

१९३६ ला डेव्हिड ब्राऊनच्या कारखान्यात हे लिंकेज असलेला ट्रॅक्टर बनायला लागला पण तो फार खपला नाही. मग ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसनने अमेरिकेत हेन्री फोर्डला प्रात्यक्षिक दाखवलं आणि दोघांनी नुसता हात मिळवून सौदा केला, कागद नाही, सही नाही. १९३९ च्या जूनमध्ये फोर्ड ९एन बाजारात आला. पुढची दोन मॉडेलं धरली तर असे लाखो ट्रॅक्टर गेले आणि त्यांच्याबरोबर ती मापंही पसरली. हेन्री फोर्डचा नातू हेन्री फोर्ड दुसरा याने कंपनी हातात घेतल्यावर तो हात सुटला, फोर्डने १९४७ ला स्वतःचा ८एन काढला, फर्ग्युसन कोर्टात गेला आणि १९५२ ला ९२.५ लाख डॉलरवर तडजोड झाली. तिकडे इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला १९४६ पासून त्याचा टीई२० बनत होताच, तोही पाच लाखांच्या वर गेला. आज जोडणीच्या मापांच्या ज्या गटाला कॅटेगरी १ म्हणतात त्याचं मूळ या छोट्या ट्रॅक्टरांच्या मापात आहे.

आता गंमत अशी की पेटंट फर्ग्युसनकडे, मग बाकीच्या कंपन्यांनी काय करायचं? त्यांनी आपापली सोय केली. इंटरनॅशनल हार्वेस्टरने फास्ट हिच (हिच म्हणजे जोडणी) काढली, अवजाराचे दोन दांडे ट्रॅक्टरच्या खाचेत सरळ घुसवायचे. अ‍ॅलिस चाल्मर्सची स्नॅप कपलर तर ट्रॅक्टरच्या पोटाखाली, मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे अडकायची. केसची ईगल हिच होती, तिला पिन सरकवायच्या ऐवजी पंजे. प्रत्येकाचं म्हणणं आमचंच सोपं, आणि खरं सांगायचं तर सीटवरून न उतरता अवजार जोडायच्या बाबतीत त्यातल्या काही खरंच फर्ग्युसनच्या पुढे होत्या. पण ट्रॅक्टर बदलला की अवजारं भंगारात, शेतकऱ्याला हे किती दिवस परवडणार. साठच्या दशकापर्यंत मूळ पेटंटांची मुदत संपत गेली आणि सगळे मुकाट तीन टोकांवर आले. त्या मधल्या काळातलं एखादं अवजार आज हाताशी लागलं तर बुश (पिनेवर चढवायची नळी), वॉशर काही कामाचं नाही, त्याला पुढची फ्रेमच नवी वेल्ड करावी लागते.

सगळे एका रचनेवर आले पण एका मापावर येणं शक्य नव्हतं, कारण तोवर ट्रॅक्टर मोठे झाले होते. वीस-पंचवीस हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरची पिन शंभर हॉर्सपॉवरला लावली तर ती वाकणार. म्हणून कॅटेगऱ्या पडल्या, आधी अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या संघटनेच्या स्टँडर्डमध्ये, नंतर आयएसओ ७३० या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये. कॅटेगरी १ ला टॉप पिन पाऊण इंच म्हणजे १९ मिमी, खालच्या पिना ७/८ इंच म्हणजे २२ मिमी. कॅटेगरी २ ला वर एक इंच आणि खाली सव्वा नाही, १ पूर्णांक १/८, म्हणजे २८ मिमी. कॅटेगरी ३ ला वर ३२ आणि खाली ३७ च्या आसपास. अगदी बागेतल्या ट्रॅक्टरची कॅटेगरी ०, तिला सगळीकडे १६, आणि राक्षसी मशीनची ४, तिला खाली ५१. मिलिमीटरमध्ये हे आकडे विचित्र वाटतात कारण मूळ इंचात ठरलेत.

गोंधळ होतो तो इथे. ढोबळमानाने कॅटेगरी १ वीस ते पंचेचाळीस हॉर्सपॉवरला आणि २ चाळीस ते शंभरला धरतात, म्हणजे मधला पट्टा दोन्हीकडे. चाळीस-पंचेचाळीसच्या ट्रॅक्टरला दोन्हींपैकी कुठलीही कॅटेगरी असू शकते, म्हणून हॉर्सपॉवरवरून अंदाज बांधू नका, व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा. दुसरं म्हणजे १९ ची पिन २२ च्या बॉलमध्ये जाते. जाते म्हणून लोक वापरतात, आणि तीन मिमीच्या सैलपणाने पिन एका बाजूने झिजते, भोक अंडाकृती होतं, मग पुढच्या मालकाला ते कुठल्याच कॅटेगरीचं वाटत नाही!

मोठ्या ट्रॅक्टरला लहान पिनेचं अवजार लावणं सोपं, २२ च्या पिनेवर २८ चा बुश चढवला की झालं, बुशची भिंत तीन मिमीची. उलटं करायचं तर अवजाराची पिनच बदलायची. पण व्यास जुळला म्हणजे सगळं जुळलं असं समजू नका. कॅटेगरी १ मध्ये खालच्या दोन टोकांतलं अंतर साधारण २६ इंच, २ मध्ये ३२, ३ मध्ये ३८. लिंक थोड्या आत-बाहेर होतात, लिंक बाजूला हलू न देणारी साइड चेन ढिली करून काम भागतं, पण सहा इंचांचा फरक म्हणजे लिंक तिरक्या, आणि अवजार उचललं की ते झोके घेणार किंवा लिंक टायरला घासणार. यावरच तोडगा म्हणून पुढे एन लावलेल्या अरुंद कॅटेगऱ्या आल्या, २एन म्हणजे पिना दोनच्या आणि अंतर एकचं. जुन्या अवजारावर जाड पिना पण एकमेकींच्या जवळ दिसल्या की कोणी चुकलंय असं लगेच म्हणू नका, ते २एन असू शकतं.

राहिली उंची, जिच्याकडे कोणी बघत नाही. खालच्या पिनेपासून टॉप पिनेपर्यंतची उंची आयएसओत कॅटेगरी १ ला ४६० मिमी आणि २ ला ६१०. मापं ठरायच्या आधीच्या अवजारांत ही उंची ज्याला जशी वाटली तशी आहे. साध्या पिनांनी जोडलं तर टॉप लिंक फिरवून लांबी कमी-जास्त करता येते, म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षातही येत नाही. मग कधीतरी क्विक हिच (झटकन अडकवायची जोडणी) घेतली जाते, तिचे तिन्ही हुक एका पक्क्या चौकटीत, आणि खालचे दोन बसतात पण वरचा हुक टॉप पिनेच्या चार बोटं वर हवेत. तिथे बुश विकत घेऊन उपयोग नाही, अवजाराच्या मास्टवर (टॉप पिन बसते त्या उभ्या भागावर) नवीन भोकाची पट्टी वेल्ड करायची आणि आधी रिकाम्या जागेत उचलून बघायचं, टॉप लिंक कुठे अडकते का.