ला पेलोसा

ला पेलोसा : भूमध्य समुद्रातील सार्डिनिया या इटालियन बेटाच्या वायव्य टोकावरची पुळण. स्टिंटिनो गावाच्या उत्तरेस सुमारे 4 किमी. पांढरी, पिठूळ वाळू आणि दूरवर गुडघा-कंबरेएवढेच राहणारे निळसर-हिरवे पाणी यांसाठी ती प्रसिद्ध आहे. लांबीने मात्र ती जेमतेम काही शे मीटर भरते. फोटोंत दिसते त्यापेक्षा खूपच लहान.

समोर पियाना हे सपाट बेट आणि त्यापलीकडे आसिनारा हे मोठे बेट आहे. पश्चिमेकडे फाल्कोने भूशिर आहे. वायव्येकडून येणारा ‘मिस्ट्रल’ हा जोरकस वारा या तिघांमुळे बराचसा अडतो, म्हणून खुल्या पश्चिम किनाऱ्यावर लाटा फुटत असतानाही इथले पाणी तळ्यासारखे निवांत असू शकते. रंगाचे कारणही साधे आहे : उथळ पाणी, खाली पांढरा तळ आणि उजेडातला तांबडा भाग शोषून घेण्याचा पाण्याचा गुण. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी वीतभराचाच असतो. कोकणात पोहायला जाताना भरतीची वेळ विचारावी लागते, इथे विचारायचा तो वारा.

पुळणीच्या टोकाशी छोट्या खडकाळ बेटावर 16 व्या शतकातला दगडी टेहळणी बुरूज उभा आहे. त्या काळी सार्डिनियावर स्पेनची सत्ता होती आणि उत्तर आफ्रिकेकडून येणाऱ्या चाच्यांवर नजर ठेवण्यासाठी बेटाच्या किनाऱ्याने असे अनेक बुरूज बांधले गेले. समुद्र शांत असला की पाण्यातून चालत बुरुजापर्यंत जाता येते.

स्टिंटिनोचा जन्म मात्र विस्थापनातून झाला. 1885 मध्ये इटालियन सरकारने आसिनारा बेटावर कैद्यांची वसाहत आणि साथरोगांसाठी विलगीकरण केंद्र उभारायचे ठरवले आणि तिथल्या 45 कुटुंबांना बेट सोडावे लागले. त्यांनी समोरच्या किनाऱ्यावर, एका चिंचोळ्या खाडीच्या काठी गाव वसवले. गावाच्या नावाचा स्थानिक भाषेतला अर्थ ‘आतडे’, तो या खाडीच्या आकारावरून. आसिनारावरचा कडेकोट तुरुंग पुढे शतकभर टिकला. जोव्हान्नी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेल्लिनो या न्यायाधीशांना 1985 मध्ये जिवाच्या धोक्यामुळे तिथे नेऊन ठेवले होते. सिसिलीतील माफियांविरुद्धच्या मोठ्या खटल्याच्या कागदपत्रांचे काम त्यांनी त्या बेटावर केले. आता तिथे राष्ट्रीय उद्यान आहे आणि पांढरी गाढवे मोकळी हिंडतात.

पेलोसाला जायचे तर आधी नियम समजून घ्यावे लागतात, आणि ते जवळपास सगळे वाळूच्या कणाभोवती फिरतात. 20 व्या शतकात पुळणीमागच्या वाळूच्या टेकाडांवर रस्ता आणि इमारती आल्या. कोकणात मर्यादवेल वाळू धरून ठेवते, तसे काम इथल्या टेकाडांवरचे गवत आणि जुनिपरची झुडपे करतात. ती तुडवली गेली आणि वाळूची ये-जा तुटली. त्यात उन्हाळी गर्दीची भर पडली. अलीकडच्या वर्षांत हंगामात रोज 1,500 जणांनाच प्रवेश दिला जातो, तोही आगाऊ नोंदणी करून 3.50 युरो भरल्यावर. आत टॉवेल थेट वाळूवर पसरायचा नाही, खाली चटई हवीच, नाहीतर 100 युरोंचा दंड. बाहेरच्याला हा तऱ्हेवाईकपणा वाटतो. पण ओला टॉवेल उचलून पाहावा : धाग्यांच्या फासांत पिठासारखी वाळू घट्ट बसलेली असते आणि ती झटकली जाते हॉटेलच्या गॅलरीत. चटईला ती चिकटत नाही. निघताना पायही धुवायचे, म्हणजे बोटांच्या बेचक्यांतली वाळू तिथेच राहते.

काठावर कधीकधी तपकिरी, फितींसारख्या वाळक्या पानांचे ढीग दिसतात. त्यांना कचरा किंवा शेवाळ समजून नाक मुरडणारे पुष्कळ असतात. ती ‘पोसिडोनिया ओशनिका’ची पाने. ही फक्त भूमध्य समुद्रात वाढणारी, फुले येणारी पाणवनस्पती आहे. पाण्याखाली तिची कुरणे तळाची वाळू धरून ठेवतात, काठावर तिचे ढीग हिवाळी लाटांचा मार स्वतःवर घेतात. ते यंत्राने उपसले की पानांबरोबर वाळूही जाते, हे बऱ्याच किनाऱ्यांना उशिरा कळले.

सार्डिनियातून वाळू, खडे किंवा शिंपले नेण्यास 2017 च्या प्रादेशिक कायद्याने 500 ते 3,000 युरोंपर्यंत दंड आहे. ऑगस्ट 2019 मध्ये स्टिंटिनोजवळच्या पोर्तो तोर्रेस बंदरात एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत 14 प्लास्टिकच्या बाटल्या सापडल्या. बेटाच्या दक्षिणेकडच्या किआ किनाऱ्यावरून आणलेली सुमारे 40 किलो वाळू त्यांत होती. आठवण म्हणून नेत होतो, असे त्यांचे म्हणणे होते.