कलम्यातील इख्लास

इख्लास म्हणजे कलमा पढताना मनात असावी लागणारी निर्भेळ श्रद्धा. ‘ला इलाह इल्लल्लाह, मुहम्मदुर रसूलुल्लाह’ (अल्लाहखेरीज कोणी उपास्य नाही, मुहम्मद अल्लाहचे प्रेषित आहेत) ही साक्ष, म्हणजे कलमा किंवा शहादा, इस्लामच्या पाच स्तंभांपैकी पहिला स्तंभ. ती उच्चारायला काही क्षण पुरतात. ती खरी कधी ठरते, हा प्रश्न मात्र शतकानुशतके चर्चिला गेला.

ख-ल-स या अरबी धातूचा अर्थ भेसळीतून मोकळे, स्वच्छ होणे. खलास, खुलासा, खालसा हे मराठीत रुळलेले शब्द याच कुळातले. ‘निखालस’ तर अर्थानेही इख्लासच्या अगदी जवळचा. कुरआनात (16:66) गुरांच्या पोटात शेण आणि रक्त यांच्यामधून निघणाऱ्या दुधाला ‘खालिस’ म्हटले आहे. दोन्हींच्या इतके लगत, तरी दोन्हींचा अंश नसलेले. गंमत अशी, की 112 व्या सूरेचे (अध्यायाचे) नाव ‘अल्-इख्लास’ असले तरी तिच्या चार आयतींत (वचनांत) हा शब्द एकदाही येत नाही.

शब्द आणि मन यांतली फट सर्वांत धारदारपणे दाखवली आहे ती ‘अल्-मुनाफिकून’ (63) या सूरेच्या पहिल्या आयतीत. दांभिक लोक येऊन म्हणतात, ‘तुम्ही अल्लाहचे प्रेषित आहात अशी आम्ही साक्ष देतो.’ उत्तर येते: तुम्ही प्रेषित आहात हे अल्लाह जाणतोच, पण हे लोक खोटे आहेत अशी साक्षही तोच देतो. विधान खरे आणि साक्षीदार खोटा! कोणत्याही व्याख्येपेक्षा ही आयत जास्त सांगून जाते. याउलट 16:106 मध्ये, मन श्रद्धेवर स्थिर असताना केवळ जबरदस्तीमुळे तोंडून नकार निघालेल्याला दोषातून वगळले आहे. परंपरा ही आयत मक्केत छळ सोसलेल्या अम्मार इब्न यासिर यांच्याशी जोडते.

मग माणसांनी एकमेकांच्या मनाची झडती घ्यावी काय? ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहातील प्रसिद्ध हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची परंपरेने आलेली नोंद, याचे उत्तर देते. लढाईत तलवार उगारलेली पाहून शत्रुपक्षातील एकाने ‘ला इलाह इल्लल्लाह’ म्हटले, तरी पैगंबरांचे सहकारी उसामा इब्न झैद यांनी त्याला ठार केले. शस्त्राच्या भीतीने म्हणाला, असे त्यांनी सांगताच पैगंबरांनी विचारले, ‘तू त्याचे काळीज चिरून पाहिलेस काय?’ हा सवाल इतक्यांदा झाला, की आपण आजच मुसलमान झालो असतो तर बरे, असे उसामांना वाटले. फिक्हचा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा, नियम याच वळणाचा आहे: निवाडा बाह्य उच्चारावर, अंतरीचे अल्लाहकडे. मदीनेतील दांभिकांचा म्होरक्या मानला गेलेला अब्दुल्लाह इब्न उबय्य 631 साली वारला, तेव्हा पैगंबरांनी स्वतः त्याच्या जनाज्याची नमाज पढवली. अशांची नमाज पढू नये ही आज्ञा (9:84) त्यानंतरची.

ईमान (श्रद्धा) कशात, यावर पंथांचे एकमत नव्हते. कर्रामिया पंथ नुसता उच्चार पुरेसा मानी. हनफी परंपरेचे इमाम अबू हनीफा यांच्या मते जिभेचा इकरार (कबुली) आणि मनाची तस्दीक (खरे मानणे) दोन्ही हवेत. हदीसवादी त्यात आचरणही धरत. आरंभीच्या काळातील विद्वान वह्ब इब्न मुनब्बिह यांचे एक वचन सांगितले जाते: कलमा ही स्वर्गाची किल्ली खरी, पण दातांवाचून किल्लीने कुलूप उघडत नाही. पुढे अभ्यासकांनी कलम्याच्या अटी मोजल्या. ज्ञान, खात्री, सचोटी वगैरे सातांच्या प्रचलित यादीत इख्लास एक आहे. त्याच्या उलट ‘रिया’, म्हणजे लोकांनी पाहावे म्हणून केलेली भक्ती. हदीसमध्ये तिला ‘छोटा शिर्क’ (शिर्क म्हणजे अल्लाहबरोबर दुसऱ्याला भागीदार मानणे) म्हटले आहे. सूफींनी कसोटी आणखी कडक केली. बसऱ्याच्या सूफी संत राबिया यांना तर नरकाचे भय आणि स्वर्गाची आस हीसुद्धा भेसळच वाटे.

मरणासन्न माणसाजवळ कलमा पढण्याच्या रिवाजाला तल्कीन म्हणतात. जवळचे लोक हलक्या आवाजात पढतात, ‘तू म्हण’ असा तगादा लावत नाहीत. त्याने एकदा म्हटला की पुन्हा म्हणवून घ्यायचा नाही; मध्ये तो दुसरे काही बोलला, तरच परत आठवण द्यायची.